जरा मोठंच कापणारं मशीन

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करत होते आणि त्याचे गाल उजळत होते. बारामतीत माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लोकांना दोन रंग गोरं करून देणं हा या धंद्याचा न बोललेला भाग. फोन माझ्या सुनेचा, प्रज्ञाचा होता. "आई, पप्पा गेले... सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले आणि गेले," एवढंच ती बोलू शकली. तात्या म्हणजे तिचे वडील, माझे व्याही, कळंबचे गौतम साबळे. मी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून निघाले, तर वाटेतच कळंबच्या पोरांचा फोन : "ताई, तात्यांचा फ्लेक्स तुमच्याकडंच, जरा अर्जंट करा." तात्या मला नेहमी बजावायचे, "विहीणबाई, माझा फ्लेक्स कराल तवा मला गोरा करू नका. लोक म्हनतील, ह्यो कोन गेला?" मी दुकानात परत फिरून तो फ्लेक्स रडत रडत केला, पण रंगाला हात लावला नाही. माझ्या दुकानातून बाहेर पडलेला, माणसासारखा माणूस दिसणारा तो बहुधा एकमेव फ्लेक्स असेल.

या गोष्टीला आता दीडेक महिना होत आला. भेटणारा प्रत्येक जण डोळे पुसायच्या तयारीनं येतो, आणि मला मात्र तात्यांची आठवण आली की हसूच फुटतं. त्याला माझा इलाज नाही. पहिली भेटच तशी झाली. मुलीकडची मंडळी आमचं घर बघायला आली होती. तात्या आले, "जयभीम" म्हणाले आणि तीन माणसांच्या सोफ्यावर असे ऐसपैस बसले की आमच्या ह्यांना स्टुलावर बसावं लागलं. चहा झाला. मुलाचा पगार, घराचा सातबारा, काहीतरी विचारतील म्हणून आम्ही सावरून बसलो होतो. तात्यांनी कपबशा बाजूला केल्या, टीपॉय उलटा केला, त्याचे सांधे निरखले आणि सरळ करून ठेवत म्हणाले, "करनारानं खिळं मारल्यात. सांधा लबाड हाय, पन मानसं सरळ दिसत्यात. आमची पसंती हाय." मला भयंकर राग आला होता. टीपॉय माझ्या माहेरचा होता.

तात्यांची उभी नोकरी एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये गेली. हे काय प्रकरण आहे ते मलाही सोयरीक झाल्यावरच कळलं. यंत्राचा एखादा भाग लोखंडात ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. त्या लाकडाभोवती वाळू दाबून साचा करतात, लाकूड काढून घेतात आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. तात्या ते लाकडाचं रूप घडवायचे. त्यातली मेख त्यांनी मला लग्नाच्या मांडवात, पंगत चालू असताना, जिलबीच्या पाकाकडे बोट दाखवत समजावली होती. "लोखंड थंड झालं का अंग चोरतंय, विहीणबाई. म्हनून लाकडात सगळं जरा मोठंच करायचं. आधीच जागा वाढवून द्यायची." मी मान डोलावली आणि विसरून गेले. लग्नाच्या गडबडीत लोखंडाचं कोण लक्षात ठेवतंय!

निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आपला कारखाना थाटला. पाळणे, पाट, शेजाऱ्यांचे देव्हारे, काय वाट्टेल ते. कळंबच्या वस्तीतल्या विहाराचं नवं बांधकाम निघालं तेव्हा दाराचं काम त्यांनी हट्टानं मागून घेतलं. दोन झडपा, चार पॅनल, प्रत्येक पॅनलवर पिंपळाचं एक मोठं पान. सागवान आलं, शेडमध्ये उभं राहिलं, आणि नेमका तेव्हाच त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. पटाशी धरली की तिचं टोक लाकडावर नाचायचं. पानाची एक शीर कोरताना पटाशी घसरली आणि अख्खी फळी वाया गेली. तात्यांनी शेडला कुलूप घातलं आणि किल्ली सुमनताईंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, माझ्या विहिणीकडे देऊन टाकली. कमिटीची माणसं भली. "तात्या, बुद्धपौर्णिमेला उद्घाटन करायचं हाय. दार विकत आनू, तुमी मनाला लावून घेऊ नका," असं ती समजुतीनं म्हणाली. तात्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझ्या टीपॉयवरसुद्धा शेरा मारणारा माणूस... तो अंगणात गप्प बसून राहायला लागला. मला ते बघवत नव्हतं, खरं सांगते. त्यांनी भांडावं म्हणून मी मुद्दाम काहीतरी उलटसुलट बोलायचे, तर नुसते हसायचे.

औषधासाठी बारामतीला आले की ते माझ्या दुकानात टेकायचे. एकदा "चहा सांगून येतो" म्हणून गेले ते परतलेच नाहीत. चहा येऊन थंड झाला. शेवटी मी शोधायला निघाले, तर तात्या मागच्या गल्लीतल्या फर्निचरवाल्याच्या दारात उभे. त्यानं नवं सीएनसी राउटर आणलं होतं. कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी गरागरा फिरणाऱ्या पात्यानं लाकडात आपोआप कोरणारं मशीन. ते एका पलंगाच्या उशाकडच्या फळीवर मोर कोरत होतं, आणि तात्या आपला थरथरता हात दुसऱ्या हातानं पाठीमागे घट्ट धरून बघत होते. माझी चाहूल लागली तशी मान न वळवता म्हणाले, "ह्याला हातच न्हायत, विहीणबाई. मग थरथरायचं कुठनं?" मी म्हटलं, "मग इथंच कोरून घेऊ की आपली पानं." त्यावर मात्र वळले. "मग दार ह्याचं झालं. मी फकस्त गिऱ्हाईक. मला असलं घरी पायजे, माझ्या शेडात, मी शिकवलेलं." कितीतरी महिन्यांनी ते इतकं बोलले होते.

प्रज्ञाचा या सगळ्याला कडाडून विरोध. ती नर्स आहे, बोटं गेलेली माणसं तिनं ड्यूटीवर पाहिलेली. "थरथरता हात आणि फिरतं पातं... आई, ते तुमचं ऐकतात, तुम्हीच जाऊन समजवा," असं म्हणून तिनं मला कळंबला धाडलं. मी गेले. सुमनताईंच्या हातचं पिठलं खाल्लं आणि बोलायला तोंड उघडणार, तोच तात्या मला शेडमध्ये घेऊन गेले. कुलूप उघडलं होतं! दाराच्या चौकटीवर त्यांनी एक लाल बटण बसवलं होतं, तळहाताएवढं. मशीनचा पत्ता नव्हता, पण ते बंद करायचं बटण तयार होतं. "मशीन फिरतंय तवर मी हितं, दारात. हात ह्या बटनावर. माझा हात मशीनला लागायलाच नको, त्याच्यासाठीच तर हा खटाटोप हाय. प्रज्ञाला सांगा." मग जरा थांबून, "आता नक्षी कॉम्प्युटरवर काढायला मानूस पायजे. बारामतीत तुमी सोडून हाय का दुसरं कोन?" खुशामत आहे हे कळत होतं. तरीही समजवायला गेलेली मी भागीदार होऊन परत आले. प्रज्ञा त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

मशीन निवडणं हे स्थळं बघण्यापेक्षा अवघड निघालं. पहिलं मोठ्या कंपनीचं, तयार. दिसायला राजबिंडं, पण त्याला थ्री-फेज वीज हवी आणि ते शेडच्या दारातून आत जाणार नाही. दुसरं बाहेरच्या देशातून येणारं, चकचकीत, टेबलावर मावणारं. पण कापायची जागा जेमतेम पोळपाटाएवढी. तिसऱ्याची जागा बरी होती, पण त्यात पातं इकडून तिकडे ओढायला स्क्रूऐवजी नुसते रबरी पट्टे. तात्यांची परीक्षा एकच असायची. ज्या आडव्या कमानीवर पातं बसवलेलं असतं, तिला ते अंगठ्यानं दाबून बघायचे. कमान जरा जरी लवली की, "सागवान बघून पळून जाईल हे," म्हणून नापास. विकणारी पोरं तोंडाकडे बघत राहायची. असे सगळे नवरदेव अंगठ्याखाली नापास झाल्यावर ठरलं की मशीन घरीच बांधायचं. हौसेला मोल नाही म्हणतात ते या घरात मी याचि डोळा पाहिलं.

सांगाडा लाकडाचा की लोखंडाचा यावर मी भांडायच्या तयारीत होते, कारण जन्मभर लाकूड हाताळलेला माणूस लाकूडच म्हणणार. पण तात्याच म्हणाले, "लाकूड पावसाळ्यात फुगतंय. फुगनाऱ्याला माप धरता येत न्हाय." मग एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडचे जाड चौकोनी पाइप अंगठा लावून लावून निवडले. मशीन केवढं, हा पुढचा वाद. त्यांना अख्खी झडप मावेल एवढं हवं होतं. मी म्हटलं, मग तुम्ही कुठं उभे राहणार, शेडमागच्या उसात? शेवटी एक पॅनल मावून वर वीतभर जागा उरेल, इथे तह झाला. रूळ, स्क्रू, मोटारी पार्सलनं आल्या. आमचा राहुल, माझा मुलगा, रविवारी येऊन वायरिंग करायचा. कळंबला लाइट कधी जाईल नेम नाही आणि अर्ध्या पानात मशीन थांबलं तर फळी गेली, म्हणून घरातला इन्व्हर्टर शेडमध्ये गेला. सुमनताई उकाड्यात पदरानं वारा घेत म्हणायच्या, "सवत आनली असती तर निदान भाकऱ्या तरी थापल्या असत्या."

पहिल्यांदा मशीन हललं त्या दिवशी पात्याच्या जागी आम्ही स्केचपेन बांधलं होतं. मी फाइल पाठवली एका साध्या गोलाची. मशीन गुणगुणलं, कमान सरकली, कागदावर रेघ उमटत गेली, आणि सगळे श्वास रोखून वाकले. सुमनताईंनी निकाल दिला, "ह्यो गोल न्हाय, वांगं हाय." एका बाजूच्या स्क्रूची पकड सैल होती. ती आवळल्यावर गोल आला, आणि तात्यांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. हात थरथरत होता, कागद फडफडत होता, पण त्यावरची रेघ जिथल्या तिथे होती. "बघा," एवढंच म्हणाले. प्रज्ञाही आली होती त्या दिवशी. तिनं माझ्याशी बोलणं तिथपासून पुन्हा सुरू केलं.

मग मशीनला माप शिकवायचं काम. म्हणजे त्याला एक मीटर जा म्हणून सांगायचं, ते खरोखर किती गेलं ते पट्टीनं मोजायचं आणि तो फरक कॉम्प्युटरला सांगायचा, की पुढच्या वेळी ते बरोबर जातं. हे काम तात्यांनी कुणाला करू दिलं नाही. खिळ्याला टांगलेली कारखान्यातली जुनी पोलादी पट्टी काढली, तेलाच्या फडक्यानं पुसली आणि दिवसभर भिंग लावून मोजत बसले. मशीनचं आणि पट्टीचं केसाएवढंही अंतर उरलं नाही तेव्हा कुठे उठले. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर प्रज्ञाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

नक्षीसाठी मी कॉम्प्युटरमधलीच तयार पिंपळपानं दाखवली तर त्यांनी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी कळंबच्या पिंपळाची चार पानं वर्तमानपत्रात दाबून घेऊन आले. मी ती दुकानातल्या स्कॅनरवर ठेवून उतरवली, एकेक शीर माउसनं गिरवली. एका पानाला किड्यानं भोक पाडलं होतं, ते मी बुजवलं. तात्या मागे उभेच होते. "ते भोक परत पाडा. झाडावर हाय तसं दारावर." पाडलं. मग आठवडाभर शेडमध्ये सागवानाचा भुसा उडत राहिला. तात्या दारात, तळहात लाल बटणावर, आणि आत पानं उमलत होती. सगळा भुसा अंगणात वाळत घातलेल्या सुमनताईंच्या कुरडयांवर बसला. त्या साली आम्ही सर्वांनी सागवानी कुरडया खाल्ल्या.

उद्घाटन तोंडावर आलं. गावातल्या सुतारानं झडपांच्या चौकटी तयार ठेवल्या होत्या, त्यांत पॅनल बसवायचे एवढंच बाकी. कमिटीची माणसं शेडमध्ये जमली. पहिला पॅनल बसेना. दुसरा बसेना. चारही पॅनल सगळीकडून जरा जरा मोठे! आधी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फाइल माझी ना! मी लॅपटॉप उघडून मापं दाखवली, बिनचूक होती. मग सुतारावर संशय. टेप लावला, त्याच्याही चौकटी बिनचूक. कुणीतरी हळूच म्हणालं, "विकतचं दार आनायला अजून वेळ हाय..." तात्यांचा चेहरा उतरला. हे दार विकत आलं असतं तर शेडला पुन्हा कुलूप लागलं असतं आणि या खेपेला ते कधीच उघडलं नसतं. मी काहीतरी करायचं म्हणून खिळ्यावरची पट्टी काढली आणि सुताराच्या टेपशेजारी ठेवली. दोन्हींचे शून्य जुळवले. दुसऱ्या टोकाला पट्टीचं मीटर टेपच्या मीटरच्या बोटभर पुढे गेलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती पॅटर्न शॉपची पट्टी होती. लोखंड आक्रसणार म्हणून तिच्यावरचे सगळे आकडे मुळातच ताणून, जरा मोठे आखलेले. हातात घ्यायची ती हीच पट्टी, मोजायचं ते हिनंच, अशी जन्मभराची सवय. साधी पट्टी शेडमध्ये नव्हतीच. तात्या त्या दोन मापांकडे बघत राहिले... आणि मग असे हसायला लागले की खाली बसले. डोळ्यांतून पाणी. "मशीनला बी मीच लावली ही सवय! त्याला वाटलं, सागवान थंड झाल्यावर आखडनार!" मग कमिटी हसली, सुतार हसला, मला तर ठसका लागला. हसू ओसरल्यावर सुतार म्हणाला, "तात्या, मोठं झालंय ते बरं झालं. ल्हान झालं असतं तर मेलो असतो. कडंनं कोरी जागा सोडलीय, रंधा मारून बसवू." आणि त्यानं रंध्याला हात घातला. तात्यांनी तो हात धरला. "माझा रंधा हाय. मीच मारनार."

तात्यांनी फळी बाकावर आवळली, रंधा ठेवला. मागची मूठ उजव्या हातात, आणि रंधा लाकडावर खडखड नाचायला लागला. तेव्हा सुमनताई पुढे झाल्या. आयुष्यात कधी शेडमधल्या हत्याराला हात न लावलेली बाई. पदर खोचला, रंध्याच्या पुढच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले आणि आपला सगळा भार दिला. "चला, ढकला आता." रंधा थांबला, मग सरकला. पहिली ढलपी पुरी, अखंड, गुंडाळत बाहेर आली. दिवस मावळेपर्यंत दोघं चारही पॅनलच्या कडा काढत होते. मधूनच भांडत होते, "दाबा की जरा," "तुमी सरळ ढकला की आदी." प्रज्ञा आणि मी दारात उभ्या होतो, लाल बटणाजवळ, आणि त्या बटणाची कुणाला गरज नव्हती. चौथा पॅनल चौकटीत बसला तेव्हा टक्क असा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बुद्धपौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटली, पांढऱ्या साड्यांच्या गर्दीत म्हाताऱ्या बायका दारावरच्या पानांवरून हात फिरवत आत जात होत्या. एक पोरगी किड्याच्या भोकात बोट घालून उभी होती. तात्या पायरीवर ऐसपैस बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला दार दाखवायचं सोडून पट्टीचीच गोष्ट सांगत होते. स्वतःची फजिती इतक्या आनंदानं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मशीनचं माप मात्र त्यांनी कधीच दुरुस्त करू दिलं नाही. राहुल म्हणायचा, दोन मिनिटांचं काम आहे. तात्या म्हणायचे, "कारखान्यातनं एवढी एक सवय घरी आनलीय, ऱ्हाऊ दे. विहीणबाई तितं बारीक करून धाडत्याल, हे हितं मोठं करंल." आणि खरंच, पुढची सगळी वर्षं मी कळंबला पाठवायची प्रत्येक फाइल आधी जरा लहान करायचे आणि मग धाडायचे. घरांवरच्या नावाच्या पाट्या, अंगणवाडीची लाकडी अक्षरं, नातवाचा खेळण्यातला बैल... माझ्याकडे आखडायचं, तात्यांकडे जाऊन पुरं व्हायचं. आमच्या व्यवहाराची ती रीतच होऊन गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तात्यांच्या फोटोला फ्रेम हवी होती. विकतची आणायची नाही, यावर आम्हा तिघींचं न बोलताच एकमत झालं. सागवानाचा तुकडा शिल्लक होता. मी दुकानात फाइल केली, सुमनताईंनी शेड उघडली आणि दारात उभं राहून लाल बटणावर तळहात ठेवला. मशीन गुणगुणलं. फ्रेम झाली, चारी कोपऱ्यांत चार पानं, एकाला भोक. प्रज्ञानं काच बसवली, फोटो बसवला, उचलून उभा केला तर फोटो आत खुळखुळला. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. फाइल लहान करायची मी विसरले होते. आम्ही तिघी कार्यक्रमाला आलेली माणसं काय म्हणतील याची पर्वा न करता हसत सुटलो.

प्रज्ञा डोळे पुसत कागदाची घडी करून फटीत सारायला लागली. सुमनताईंनी ती घडी काढून घेतली. "ऱ्हाऊ दे गं," म्हणाल्या. "त्यांना ऐसपैसच बसायला आवडायचं."

फोटो तसाच आहे. कळंबच्या घरात कुणी दार जोरात लावलं की तात्या फ्रेममध्ये एका बाजूला कलतात. मी गेले की आधी तो सरळ करते आणि मग चपला काढते.